गाडी गरम होईपर्यंत

डेपोतले लोक त्याला पाचमिनिटे म्हणत. नव्याने आलेल्यांना ते खरंच आडनाव वाटायचं. हजेरीच्या वहीत ते सापडलं नाही की मग जुनी मंडळी हसून खुलासा करायची. तो बस चालवायचा. एकोणतीस वर्षं चालवली. बर्फ पडायचा त्या गावात, आणि थंडीच्या दिवसांत गाडी सुरू करून तो स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहायचा. प्रवासी कुरकुरायला लागले, कंट्रोलर खिडकीतून ओरडला, तरी त्याचं एकच उत्तर असायचं, "पाच मिनिटं." ती पाच मिनिटं कधी दहा व्हायची, कधी पंधरा. तो काही हलायचा नाही.

हा हट्ट काही जन्मापासूनचा नव्हता. नोकरीच्या दुसऱ्याच हिवाळ्यात एका सकाळी कंट्रोलरने घाई केली आणि हा नवखा माणूस ऐकून निघाला. त्या जुन्या बसचे ब्रेक हवेवर चालायचे. इंजिन थोडा वेळ फिरलं की टाकीत हवा भरायची आणि समोरच्या, हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळातला काटा वर चढायचा. त्या दिवशी काटा अर्ध्यावरही आला नव्हता. शाळेजवळच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला टेकला. बस भिंतीवर जाऊन थांबली. प्रवाशांना खरचटण्यावर भागलं. पण पुढच्या दारात उभा असलेला कंडक्टर दार आणि भिंतीच्या मध्ये सापडला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली जो वाकडा झाला तो कायमचा. त्यानंतर कंडक्टरने उरलेली नोकरी पास द्यायच्या खिडकीत बसून काढली. त्याने पाचमिनिटेला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट पुढे दोघांनी एकाच गल्लीत, शेजारीशेजारी घरं घेतली. कंडक्टर सकाळी काठी टेकत फिरायला निघाला की तो आवाज पाचमिनिटेच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. रोज.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि डेपोतली सवय तिलाही लावली. घराच्या एका अंगाला गॅरेज होतं. गॅरेजचं एक दार स्वयंपाकघरात उघडायचं, आणि गॅरेजच्या डोक्यावर एक लहानशी खोली होती. तिला बाहेरून लोखंडी जिना होता. त्या खोलीत एक भाडेकरू मुलगी राहायची. ती बेकरीत रात्रपाळीला होती. पहाटे पीठ आणि साखरेचा वास अंगावर घेऊन यायची आणि दुपारपर्यंत झोपायची. उजेड येऊ नये म्हणून तिने जाड पडदे लावले होते, आणि वारा येऊ नये म्हणून खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी मारली होती. ती झोपलेली असताना पाचमिनिटेची बायको भांडीसुद्धा हळू घासायची.

गाडी गरम करण्यावरून घरात दर हिवाळ्यात वाद व्हायचा. पाचमिनिटेची मुलगी दुसऱ्या शहरात एका लॅबमध्ये कामाला होती. रक्त तपासायचं काम. मागच्या हिवाळ्यात ती आली असताना गॅरेजमध्ये गाडी घुरघुरताना तिने ऐकली आणि तशीच, अनवाणी, धावत जाऊन तिने शटर वर ढकललं.

"बाबा, हे काय चालवलंय? बंद गॅरेजमध्ये?"

"बंद कुठंय? खालून फट आहे की."

"त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. कळायच्या आत माणूस जातो."

"एकोणतीस वर्षं धुरातच काढली मी. काय झालं मला?"

"ती मोकळ्या आवारात काढलीत!"

मग तिने त्याला कॉलर धरून न्यावं तसं मेकॅनिककडे नेलं. मेकॅनिक बॉनेटखाली डोकं घालून होता, तो तसाच बोलला. "काका, तुमच्या बसचं वेगळं होतं. हिला काही लागत नाही. चावी फिरवा, अर्धा मिनिट थांबा, निघा. सुरुवातीला दोन-तीन किलोमीटर जरा हळू चालवा, बस्स. उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी लवकर गरम होते. उभी ठेवून नुसतं पेट्रोल जाळताय."

पाचमिनिटेने मान डोलावली. मुलीने वचन मागितलं, त्याने ते दिलं. आठ दिवस पाळलंही. नवव्या दिवशी थंडी वाढली, आणि चावी फिरवून अर्ध्या मिनिटात निघायची वेळ आली तेव्हा त्याच्या उजव्या पायाला घाम फुटला. ब्रेक दाबून पाहिला. लागत होता. पुन्हा दाबून पाहिला. मग तो उतरला, शटर थोडं वर ठेवलं आणि गाडीला गरम व्हायला सोडून आत चहा प्यायला गेला. बायकोने पाहिलं, पण ती काही बोलली नाही. मुलीला फोनवर तिने सांगितलंही नाही. नवऱ्याचा तो पाय तिला ठाऊक होता.

त्या वर्षीच्या सगळ्यात थंड सकाळी त्याला बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. आठची वेळ मिळाली होती. सव्वासहाला त्याने गाडी सुरू केली. शटर वीतभर वर केलं, कारण जास्त उघडलं की वारा थेट स्वयंपाकघरात शिरायचा आणि बायको गारठायची. मग तो बाहेर पडला, आणि पाहतो तर गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा उतार काचेसारखा गोठलेला. आदल्या दिवशी वितळलेल्या बर्फाचं पाणी रात्रीत पुन्हा गोठलं होतं. या उतारावरून गाडी काढायची तर बर्फ फोडावाच लागणार. त्याने फावडं घेतलं.

दहा मिनिटांचं काम असेल असं त्याला वाटलं होतं. पण बर्फ दगडासारखा होता. फोडायचा, बाजूला ओढायचा, मीठ टाकायचं, पुन्हा फोडायचा. एकदा घसरून गुडघ्यावर पडला. वरची मुलगी याच सुमाराला कामावरून आली, जिन्याचा कठडा धरून जपून चढली. "काका, मी करू का मदत?" तिने वरूनच विचारलं.

"झोप तू. डोळे मिटायला लागलेत तुझे."

ती हसली आणि आत गेली. आतून कडी घातल्याचा आवाज आला. पाचमिनिटेला बरं वाटलं. मागे गॅरेजमध्ये इंजिन एका सुरात चालू होतं. आज कशी छान गरम होईल, असंच त्याच्या मनात आलं.

सात वाजायला आले तेव्हा तो घरात शिरला. डोकं जड झालं होतं. पण मरणाच्या थंडीत पाऊण तास फावडं मारल्यावर कुणाचं होणार नाही? बायको स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. डोकं हातांवर टेकलेलं. समोर चहा सांडलेला.

"अगं, चल. उशीर होतोय."

तिने मान वर केली, पण नजर त्याच्यावर ठरेना. काहीतरी बोलली. शब्द एकमेकांत अडकले होते. उठायला गेली आणि पाय दुमडून खालीच बसली. मग तिला उलटी झाली.

गेल्या वर्षी तिच्या बहिणीला असाच अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं असंच तोतरं झालं होतं. त्याने फोन उचलला, तर ॲम्ब्युलन्सला रस्ते गोठल्यामुळे पाऊण तास लागेल म्हणाले. तेवढं थांबायची त्याची तयारी नव्हती. त्याने तिला काखेत धरून गॅरेजमध्ये नेलं, मागच्या सीटवर आडवं केलं, शटर वर ढकललं, गाडी बाहेर काढली. आणि इतक्या घाईतही, वर्षानुवर्षांच्या सवयीने, उतरून शटर खाली ओढलं.

वाटेत त्याने काचा उघड्या ठेवल्या होत्या, तिला मळमळत होतं म्हणून. गार वाऱ्याने तिला थोडी तरतरी आली. "अहो, डोकं फुटतंय," एवढं ती स्पष्ट म्हणाली. त्याला तेवढाच धीर आला.

दवाखान्यात नर्सने तिच्या बोटाला चिमटा लावला. आकडा अठ्ठ्याण्णव. "ऑक्सिजन उत्तम आहे," नर्स म्हणाली. डॉक्टर तरुण होती, पण घाबरणारी नव्हती. डोळ्यांत बॅटरी टाकली, हात दाबायला लावले, पाय उचलायला सांगितले.

"झटका असू शकतो, डोक्याचा फोटो काढू. घरात शेगडी वापरता? कोळसा? गॅसचा हीटर?"

"नाही."

ते खरंच होतं. असलं काही त्यांच्या घरात नव्हतं. त्याने आणखी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच त्याच्या डोक्यात नव्हतं. निदान नंतर कितीतरी दिवस तो स्वतःला असं समजावत राहिला.

फोटोसाठी रांग होती. बायकोला भिंतीशी लावलेल्या पलंगावर ठेवलं होतं. त्याने मुलीला फोन लावला.

"आईला झटका आलाय बहुतेक."

पलीकडून प्रश्न सुरू झाले. कधीपासून? तोंड वाकडं झालंय का? एकाच बाजूचा हात उचलता येत नाही का? नाही म्हटल्यावर तिचा आवाज बदलला.

"बाबा, डोकं दुखतंय म्हणाली ना ती? तुमचं दुखतंय?"

"माझं काय घेऊन बसलीस."

"दुखतंय का?"

"थोडं. थंडीनं."

"आज गाडी कुठे सुरू केलीत?"

तो कॉरिडॉरमध्ये उभा होता. समोरच्या बाकावर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन डुलत होती. 'बाहेर,' एवढं म्हटलं की संपलं. कुणी पाहिलं नव्हतं. बायको बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. आणि तो शब्द अगदी जिभेवर आला होता.

"बाबा?"

"गॅरेजमध्ये," तो म्हणाला. "शटर वर होतं."

"किती?"

"वीतभर."

"आणि किती वेळ?"

"बर्फ फोडत होतो. पाऊण तास झाला असेल."

ती रागावेल असं त्याला वाटलं. ती रागावली नाही. कामावर बोलत असेल तशी, एकेक शब्द सुटा करून बोलली. "आत्ता डॉक्टरांकडे जा. धावत. बोटाच्या चिमट्यावर जाऊ नका म्हणावं, या गॅसला तो फसतो. रक्त तपासा म्हणावं. तुमचंही. फोन चालू ठेवा."

त्याने डॉक्टरला पडद्याआडून अक्षरशः हाताला धरून बाहेर आणलं. एका दमात सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. नर्सकडे वळून दोन शब्द बोलली, आणि अर्ध्या मिनिटात बायकोच्या तोंडावर ऑक्सिजनच्या पिशवीचा मास्क चढला. मग डॉक्टर त्याच्याकडे वळली.

"घरात आणखी कोण आहे?"

"कुणी नाही. आम्ही दोघंच..."

आणि त्याचं वाक्य तिथेच तुटलं. जिना. कडीचा आवाज. फटींवरची चिकटपट्टी. आपण स्वतःच्या हाताने खाली ओढलेलं शटर.

"वर एक मुलगी झोपलीय," तो म्हणाला.

डॉक्टरने ॲम्ब्युलन्सला त्याच्या घराचा पत्ता कळवायला लावला. पाचमिनिटेने आपल्या मुलीचा फोन तोडला आणि बेकरीवालीला लावला. घंटा वाजत राहिली. झोपताना ती फोनचा आवाज बंद करायची, हे त्याला माहीत होतं, तरी त्याने पुन्हा लावला. मग त्याने कंडक्टरला लावला.

"बोला पाचमिनिटे. आज गाडी गरम झाली का वेळेवर?"

"वरच्या खोलीत जा. आत्ता. दार फोड. आत विषारी गॅस भरलाय, गाडीचा. ती उठत नाहीये."

कंडक्टरने एकही प्रश्न विचारला नाही. "फोन कोटाच्या खिशात ठेवतोय," एवढंच म्हणाला.

मग पाचमिनिटे ऐकत उभा राहिला. आधी नुसती कापडाची घासाघीस. दार. मग काठीचा आवाज, बर्फावर, सवयीपेक्षा फार लवकर लवकर. मग लोखंड. चांगला पाय टण्ण वाजायचा आणि वाकडा पाय घासत मागून यायचा. टण्ण, घास. टण्ण, घास. मध्ये एकदा काहीतरी जोरात आपटलं आणि कंडक्टरने शिवी दिली. पाचमिनिटेने भिंतीला हात टेकला. जिन्यावर मीठ टाकायचं राहिलं होतं. त्याने फक्त गाडीसाठी उतार साफ केला होता.

टण्ण, घास. आवाज पुन्हा सुरू झाला.

मग दार ठोठावणं. हाका. "ए पोरी! ए बाळ!" खांद्याचा धक्का, पुन्हा धक्का. दार बधेना. थोडी शांतता. मग दाराशेजारच्या खिडकीची काच फुटली. एकदा, दोनदा, काठीने उरलेले तुकडे झाडल्याचा आवाज, कोट काढून चौकटीवर टाकल्याची सळसळ, आणि कंडक्टरचा खोकला, दूर गेलेला. त्यानंतर काहीच ऐकू येईना.

"अरे, बोल काहीतरी," पाचमिनिटे फोनमध्ये म्हणाला. "बोल ना रे."

बाकावरची बाई त्याच्याकडे बघत होती. घड्याळात दोन मिनिटं गेली असतील. आयुष्यात इतक्या वेळा पाच मिनिटं मोजलेल्या माणसाला ही दोन सरता सरेनात.

मग ओढल्याचा आवाज आला. जड काहीतरी, फरशीवरून. कडी सरकली. पुन्हा खोकला, आता जवळ.

"आहे," कंडक्टर धापा टाकत म्हणाला. "श्वास चालू आहे. बाहेर आणलीय, जिन्याच्या वरच. माझा कोट घातलाय अंगावर. ओकली आत्ता. ओकली म्हणजे बरंच ना?"

पाचमिनिटेने फोन तसाच कानाला धरून डॉक्टरला हाक मारली.

ॲम्ब्युलन्सने दोघांनाही आणलं. काच फोडताना कंडक्टरचा हात कापला होता, सात टाके पडले. भाडेकरू मुलगी संध्याकाळी पूर्ण शुद्धीवर आली. तीन दिवस दवाखान्यात राहिली. बायको पाचव्या दिवशी घरी आली, पण पुढचा महिनाभर तिला साधे साधे शब्द सापडायचे नाहीत. डाव हवा असला की ती हवेत ढवळून दाखवायची आणि स्वतःच हसायची. तो हसायचा नाही. चौकशीला एक अधिकारी आला, त्याला पाचमिनिटेने वीतभर शटरपासून सगळं जसंच्या तसं सांगितलं. पाचमिनिटेची मुलगी आली, आठ दिवस राहिली, आईचं सगळं केलं. बापाशी कामापुरतं बोलली. निघताना मात्र दारात थांबून म्हणाली, "तुम्ही फोनवर खरं बोललात, म्हणून मी अजून तुमच्याशी बोलतेय." आणि गेली.

बोलला तो कंडक्टर. टाके काढून आला त्या दिवशी. दोघं ओट्यावर बसले होते.

"इतक्या वर्षांत मी तुला काही बोललो नाही. आज बोलतो. ती बस होती, अरे. तिला हवा लागायची. तुझ्या या डबड्याला हवेचे ब्रेक तरी आहेत का?"

"नाहीत."

"मग तू कशासाठी थांबायचास?"

"तुझ्या काठीचा आवाज यायचा रोज," पाचमिनिटे म्हणाला.

"मग मला येऊन सांगायचंस. रबर लावून घेतलं असतं टोकाला." कंडक्टर उठला. जाताना थांबून, न वळता म्हणाला, "माझा पाय तू मोडलास, ते तेव्हाच संपलं होतं माझ्याकडून. तूच उगाच उराशी धरून बसलास. त्यापायी ती पोर गेली असती."

बेकरीवालीने खोली सोडली. भांडण केलं नाही, आरोप केले नाहीत. "तिथे डोळे मिटले की दचकायला होतं, काकू," एवढंच तिने बायकोला सांगितलं. नवी खोली गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. सामान असं फार नव्हतं. दोन बॅगा, गादी, पुस्तकांचं एक खोकं. ते सगळं पाचमिनिटेने एकट्याने, एकेक पायरी बघत, खाली आणलं. गाडी तो आता उघड्यावर, रस्त्याच्या कडेला उभी करायचा.

"सोडू का मी?" त्याने विचारलं. "नको असेल तर टॅक्सी बोलावतो."

तिने गाडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "चला," म्हणाली.

सकाळ कडाक्याची होती. तो बसला, ती शेजारी बसली. त्याने चावी फिरवली, पट्टा लावला, आरसा नीट केला. ब्रेक एकदा दाबून पाहिला, लागला. पुन्हा दाबावासा वाटला, तो त्याने दाबला नाही. उजवा पाय थरथरत होता आणि तिला ते दिसत होतं. त्याने गिअर टाकला आणि गाडी हळूच रस्त्यावर आणली.

पहिल्याच वळणावर तिने तिच्या बाजूची काच खाली केली. पुरती, शेवटपर्यंत. बोचरा वारा आत घुसला, दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं. थोडं पुढे गेल्यावर त्यानेही आपल्या बाजूची काच उतरवली, आणि तसेच काकडत ते तिच्या नव्या खोलीपर्यंत गेले.